जनीआत्याचे धवले

टोकावड्याच्या शेखरला लोक हुशार म्हणत. असेल! पण हुशार माणूस घाईला आला की त्याच्याइतका येडा शोधून सापडायचा नाय.

त्याची आई जनी म्हणजे पंचक्रोशीतली धवलारीण. मांडव कुणाचाही असो, लग्नातले धवले गायला तीच. दिवाळीत ती गेली. तिचे धवले एका गाण्याच्या अ‍ॅपवर तिने स्वतःच रेकॉर्ड करून ठेवले होते, आणि ते अ‍ॅप आज संध्याकाळी कायमचं बंद होणार होतं. उद्या मुरबाडला त्याच्या मामेबहिणीची, भूमिकाची, हळद. "दादा, आत्या नाय, पण तिचा आवाज तरी मांडवात पायजे," असं ती रडून सांगून बसली होती. शेखरच्या घरात आता दुसरं कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर तो आवाज तिच्यापेक्षा त्यालाच जास्त हवा होता.

एकेक गाणं हाताने उतरवत कोण बसतो? कोडिंग हे तर त्याचं पोटापाण्याचं काम. त्याने स्क्रिप्ट लिहिली: अ‍ॅपच्या सर्व्हरकडे एकामागून एक गाणं मागायचं आणि लॅपटॉपवर ठेवायचं. पहिली काही आली. मग सर्व्हरने सुनावलं, 'फार वेळा विचारलंत, थांबून विचारा.' थांबेल तर तो शेखर कसला! परत चालवली, परत चालवली. सर्व्हरने तासभर दारातही उभं केलं नाही. तेव्हा कुठे बाबाला अक्कल आली, आणि प्रत्येक नकारानंतर आधीच्या दुप्पट थांबायचं, असं त्याने स्क्रिप्टला शिकवलं.

जरा सुरळीत होतंय तोवर दुपारी लाइट गेली. टोकावड्यात ही काय बातमी नव्हे. त्याने मोबाइलचं नेट जोडलं, पण ते येतं नि जातं. दर वेळी स्क्रिप्ट बंद पडायची. वैतागून त्याने तिला हुकूमच सोडला: काही होवो, थांबायचं नाय, सर्व्हर जे देईल ते गाण्याच्या नावाने ठेव आणि पुढे चल. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा कारभार. शेखर मात्र खूश. आईनेच दिलेली नावं स्क्रीनवर एकाखाली एक येत होती. कितीतरी दिवसांनी तो पोटभर जेवला.

संध्याकाळी अ‍ॅप बंद झालं. त्याने भूमिकाला फोन लावला.

"सगळे घेतले गो!"

"हळदीचा लाव ना, दादा."

वाजेना. दुसरा लावला, तोही वाजेना. फाइल उघडून बघतो तर आत एकच वाक्य, 'फार वेळा विचारलंत, थांबून विचारा.' दुपारनंतरच्या सगळ्या फायलींत तेच. 'थांबायचं नाय' या हुकमात नकारानंतरचं थांबणंही गेलं होतं, आणि सर्व्हरचा नकारच गाण्याच्या नावाने साठला होता. सकाळची चार-पाच तेवढी खरी, पण ती पाठवणीची. हळदीचा एकही धवला नव्हता. शेखरने कपाळावर हात मारून घेतला आणि तिला खरं ते सांगितलं.

भूमिका म्हणाली, "तुला येतो ना रे? लहानपणी आत्याच्या मागं बसून म्हणायचास."

त्याने घसा खाकरून पहिली ओळ म्हटली. धवल्यात धवलारीण ओळ सांगते आणि मागं बसलेले ती उचलतात. भूमिकानेही सवयीने ती उचलली आणि थांबली. शेखरही थांबला. जन्मभर त्याने आईने दिलेली ओळच परत म्हटली होती.

"पुढची सांग ना, दादा."

"नाय गो येत मला," तो म्हणाला, आणि आई गेल्यावर पहिल्यांदा ढसाढसा रडला.