सगळ्यांच्या मागं

या, असे जवळ सरका. उन्हातून आलात, सावलीला टेका, पायांची धूळ झटकता झटकता ऐका. गोष्ट राजाची नाही आणि संताचीही नाही. झाडीपट्टीतल्या एका गाडीवाटेची आहे, आणि त्या वाटेच्या कडेला निजलेल्या दोन माणसांची. गोड लागली तर देवाची कृपा. ऐकून झाल्यावर एक मागणं आहे, ते शेवटी. आता तिकडं ओसरीवर बघा, इंदुताईंचा हात थांबला आहे.

सुपातली लाखोरीची डाळ पाखडता पाखडता इंदुताई थांबल्या होत्या. वाटेच्या पलीकडे, चुन्यानं पांढऱ्या केलेल्या ओट्यापुढे रानातल्या टोल्यावरची, म्हणजे लहान वस्तीवरची, एक बाई उभी राहिली होती. डोक्यावर सरपणाची मोळी. मोळी न उतरवता तिनं पायाच्या बोटांनी वाटेतला एक गोटा उचलला, गुडघ्याशी हातात घेतला, ओट्याच्या कडेवर ठेवला आणि मान न वाकवता, कारण मान मोळीखाली होती, नुसत्या डोळ्यांनी नमस्कार करून ती चालू लागली.

इंदुताईंनी पदर डोळ्यांना लावला. ओटा त्यांच्या मालकांच्या, बापूजींच्या समाधीचा होता.

बापूजी म्हणजे भुरकीटोल्याचे मालगुजार. मालगुजारी सरकारनं काढून घेतली तरी नाव राहिलं होतं. शेवटल्या दिवसांत त्यांनी अंथरुणावरच भगवं वस्त्र घेतलं, म्हणून त्यांना अग्नी दिला नाही, वाटेकडेला समाधी दिली. दोन वर्षं तिथं नुसता मातीचा उंचवटा होता. यंदा दिवाळीनंतर इंदुताईंनी वरोऱ्याहून लटारू गवंड्याला बोलावून ओटा बांधून घेतला. आणि ओटा झाला तसा हा चमत्कार सुरू झाला. गावातली माणसं यायची तशीच पुढं निघून जात. पण रानातली माणसं, कोणी मोह विकायला निघालेली, कोणी बाजारहून परतणारी, ओट्यापाशी थांबत आणि गोटा ठेवून जात.

इंदुताईंना हे का इतकं लागलं होतं, ते सांगायला हवं. भुरकीटोल्यात एक रीत आहे. कार्तिक सरता सरता मारुतीपुढे सप्ताह बसतो आणि शेवटल्या दिवशी दुपारी पत्रूबुवांचं काल्याचं कीर्तन होतं. दहीहंडी फोडायच्या आधी बुवा वीणा छातीशी धरतात, झांजा थांबतात, आणि बुवा म्हणतात, “या मातीत कोण कोण निजलं आहे, बोला.” मग लोक नावं घेतात. पुरात डोंगा घालून माणसं काढणारा बुधू. गावच्या हरेक पोरीच्या लग्नात जात्यावर गळा देणारी कलाबाई. खडक फोडून मारुतीची विहीर खणणारा बिरजू. एकेक नाव आलं की बुवा ते सुरात घेतात आणि मंडळी हात जोडतात. नियम एकच. ज्याचं नाव, त्याच्या घरच्यानं घ्यायचं नाही. परक्याच्या तोंडून आलं पाहिजे. घरच्यांना तर आपला मेलेला मोठा वाटणारच.

मागल्या साली इंदुताई बायकांच्या घोळक्यात पुढंच बसल्या होत्या. नावं होत होती. बुवा थांबले, वाट पाहिली, पुन्हा थांबले. दुष्काळात बापूजींनी कोठी उघडली होती, तलावाची पाळ स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. ते धान खाल्लेली आणि त्या पाण्यावर रोवणी केलेली शंभर तोंडं समोर बसली होती. एकही उघडलं नाही. बुवांनी झांजांना खूण केली. इंदुताईंनी काल्याचा प्रसाद घेतला, पण घरी येऊन तो तुळशीपाशी ठेवून दिला.

आता मात्र त्यांच्या मनात एक बेत होता. काला परवावर आला होता.

दुपारी नीलाबाई दारावरून गेली. टोल्यावरची ही म्हातारपणाकडे झुकलेली बाई, कामापुरतं बोलणारी. तीही ओट्यापाशी थांबली. तिनं तर कनवटीचा गोटा काढला, मुद्दाम घरून आणलेला, पाण्यानं धुतलेला. इंदुताईंनी तिला हाक मारून ओसरीवर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं. इकडचं तिकडचं विचारलं, धान कसं झालं, सून कशी आहे. मग हळूच म्हणाल्या,

“नीलाबाई, परवा काल्याला याल ना? नाव घ्याल का तुम्ही?”

“कोनाचं, बाई?”

“ज्याच्यासाठी गोटा ठेवला, त्याचं.”

नीलाबाईनं गुळाचा खडा तोंडाशी नेला होता तो खाली आणला.

“मले कसं घेता येईन? मी तं घरची हाव.”

“घरची? कोणाच्या घरची?”

“सोमारीच्या. माह्या मायच्या.”

दोघींची बराच वेळ गाठ पडेना. एक बोले ते दुसरीला कळेना. शेवटी नीलाबाईनंच, मान खाली घालून, ओसरीच्या शेणमातीवर बोट फिरवत फिरवत सगळं सांगितलं. नाल्याच्या उतारावर ऐनाच्या झाडाखाली दगडांची रास होती. सोमारीला वाघानं नेलं ती जागा. जे सापडलं ते तिथंच मातीआड केलं होतं. वाघानं नेलेल्याच्या जागेवरून रिकाम्या हातानं जायचं नाही, एक दगड ठेवायचा, ही रानातली रीत. तशी वीसेक वर्षं हातोहात रास वाढली होती. दिवाळीनंतर एक दिवस पाहतात तर जागा उघडी. गाडीच्या चाकोरीचा माग काढत टोल्यावरची माणसं आली, तो माग मालगुजाराच्या ओट्यापाशी येऊन थांबला.

“मंग आमी म्हनलं, दगड जिथी, माय तिथी. ठेवताना हरेकानं तिले थोडी थोडी त्या दगडात ठेवली हाय.”

इंदुताईंनी तिथूनच लटारूला हाक मारली. तो मागच्या अंगणात चुना भिजवत होता. वडशाच्या स्टेशनावर उतरलेली, बापूजींच्या नावाची कोरीव फरशी बसवायची तेवढी राहिली होती. तो हात पुसत आला.

“ओट्याच्या पोटात भर कशाची घातली, लटारूभाऊ?”

“गोटे, बाई. नाल्याजवळ चांगला ढीग होता, एकसारखे, हातात मावन असे. दोन गाड्या झाले.”

“विचारलं होतं कोणाला?”

“इच्यारायचं काय त्याच्यात?” लटारूला खरंच कळेना. “आमच्या वरोऱ्याकडं काळ्या रानात दगड निंघला का शेतकरी येचून बांधावर टाकते. नेला कोनी तं उलटा खुश होते, चाय पाजते. मले वाटलं, तसाच असन.”

मग त्यानं नीलाबाईकडं पाहिलं, इंदुताईंकडं पाहिलं, आणि काय झालं ते न कळताही तो हळूच डोक्याचं मुंडासं काढून उभा राहिला. कापसाच्या मुलखातला माणूस. त्याला दगड म्हणजे नांगराचा वैरी एवढंच ठाऊक. त्याचा काय दोष?

“उद्या ओटा फोडू,” इंदुताई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. “तुमचे दगड तुमच्या जागी नेऊन देते.”

“नाई, बाई. ठेवलेला दगड उचलत नाई. एक डाव उचलला गेला, तेवढा पुरे.”

नीलाबाई उठायला लागली, पण उठली नाही. तिच्या मनात आणखी काही होतं. मालगुजाराच्या घरचं असं असतं, काही गोष्टी दारापर्यंत येतात आणि तिथूनच परत जातात. ही गोष्ट वीस वर्षं अशी येऊन परत गेली होती. आज ती ओसरीवर आली.

“तुमी त्या साली माहेरी होत्या. पयल्या लेकराच्या येळेस.”

“हो. वडशाला.”

“शेजारगावी कीर्तन होतं. आमचा टोला सारा गेला होता. येताना पुढं बापूजीची गाडी, मागं आमी रांगेनं. वाघ रांगेतला शेवटला मानूस धरते, म्हून माय सगळ्याईच्या मागं चाले, टेंभा घेऊन. कोनी सांगतलं नोहतं तिले. मुतायले कोनी थांबलं तं माय थांबे. कोनाचं लेकरू पेंगलं तं हे खांद्यावर घे. सगळे पुढं, हे मागं.”

तिनं शेणमातीवर बोटानं एक रेघ ओढली.

“नाल्यात बैल बुजले. बापूजीनं हाक मारली, टेंभा पुढं आना. मायनं टेंभा हातोहात पुढं देल्ला. आपन मागंच राह्यली.”

अंगणात चुन्याच्या भांड्यावर एक कावळा येऊन बसला. त्याला कोणी हाकललं नाही.

“त्याच्यात पाप नोहतं, बाई. बैल बुजले तं उजेड पुढंच लागते. पर लोकाईनं ध्यानात ठेवलं.”

इंदुताईंना मागल्या सालचा तो मारुतीपुढचा मंडप दिसला, ती मिटलेली तोंडं. त्या तोंडांवर त्या वर्षभर मनात रागावल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या,

“यांनी कधी बोलून दाखवलं नाही.”

“बोलत नोहते. पर ठेवत होते.”

“काय?”

“दगड. नाल्यापाशी गाडी आली का उतरत होते ना?”

उतरायचे. दरवेळी. वडशाला तांदूळ घेऊन जाताना, येताना, देवदर्शनाला निघाले तरी. बापूजी नाल्यापाशी गाडी थांबवत, तांब्या घेऊन ऐनाच्या झाडामागं जात, आणि इंदुताई बाईमाणसाच्या लाजेनं तोंड दुसरीकडं फिरवून बसत. इतकी वर्षं त्यांना वाटलं होतं की मालकांना लघवीचा त्रास आहे. काळजीनं त्यांनी चांद्याच्या वैद्याकडून गोखरूचा काढा मागवला होता. एक पावसाळाभर रोज सकाळी तो कडू काढा त्यांनी बापूजींच्या हातात दिला होता, आणि बापूजींनी एक अक्षर न बोलता, तोंड वाकडं न करता, पिऊन टाकला होता.

इंदुताईंना हसू आलं. ते हसू ओठांपर्यंत आलं आणि तिथून भलतीकडंच वळलं. नीलाबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं, बाईमाणसाच्या लाजेनं.

डोळे पुसून इंदुताईंनी विचारलं, “म्हणजे यांचेही दगड आहेत त्यात?”

“असतीन तं. आता कोनता कोनाचा, कोन सांगन?”

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारूनं फरशी ओट्यापाशी आणली. गुळगुळीत काळी फरशी, त्यावर बापूजींचं पूर्ण नाव, गाव, मालगुजार हा शब्द मोठ्या अक्षरात. वाटेच्या अंगाला त्यानं खाच आधीच करून ठेवली होती. इंदुताई हातात तांब्या घेऊन आल्या. त्यांनी फरशी धुतली, अक्षरांतली धूळ पदरानं पुसली. मग म्हणाल्या,

“मागच्या अंगानं बसवा.”

“मागं? मागं तं बोरीची झाडं हायेत, बाई. कोन वाचन तिथी?”

“कोणी नाही वाचलं तरी चालेल.” त्यांनी फरशीवर तळहात ठेवला, ताप बघावा तसा. “आता थोडं यांनी मागं चालावं.”

लटारूनं पुढची खाच चुन्यानं बुजवली. काम झाल्यावर त्यानं वाटेवर इकडंतिकडं पाहिलं, कोणी नव्हतं. एक गोटा उचलून ओट्याच्या कडेवर ठेवला आणि थापी धुवायला निघून गेला.

काल्याच्या दुपारी मंडप भरला. पत्रूबुवांचा गळा त्या दिवशी असा लागला होता, की झांजा वाजवणारेच डोलू लागले. बुवांनी कृष्णाच्या सवंगड्यांची कथा लावली, शिदोऱ्या एकत्र कालवल्या, कोणाचा घास कोणाच्या तोंडी गेला ते सांगून माणसांना हसवलं. मग वीणा छातीशी धरली.

“या मातीत कोण कोण निजलं आहे, बोला.”

बुधू झाला. कलाबाई झाली. बिरजू झाला. बुवा थांबले.

इंदुताई उठून उभ्या राहिल्या. मंडपात कुजबुज झाली. नियम सगळ्यांना ठाऊक होता, आणि बाई आता तो मोडणार म्हणून जुन्या माणसांनी माना खाली घातल्या. बुवांच्या कपाळावर आठी आली.

“सोमारी,” इंदुताई म्हणाल्या. “सगळ्यांच्या मागं चालायची ती.”

बुवांनी डोळे मिटले आणि ते नाव वरच्या सुरात घेतलं, मग पुन्हा घेतलं. महारांच्या आळीतले, कुणब्यांचे, टोल्यावरचे, सगळ्यांचे हात जोडले गेले. झांजा आपोआप वाजल्या आणि आपोआप थांबल्या.

बुवा पुन्हा थांबले. रीतच तशी, शेवटल्या नावानंतरही थोडं थांबायचं.

इंदुताई खाली बसल्या होत्या. मांडीवरच्या हातांकडं पाहत होत्या. त्यांना आता कशाची वाट नव्हती. अगदी मागं, मोहाच्या झाडाखाली, जिथं टोल्यावरची माणसं बसतात, तिथं कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. कोणी पदर सावरून उठलं. नीलाबाईनं घसा साफ केला.

तर मायबाप, मागणं हेच. कधी वडशाकडून त्या वाटेनं गेलात, तर नाल्यापुढं एक पांढरा ओटा लागेल. त्यावर नाव दिसणार नाही. हाताला येईल तो गोटा ठेवा. आणि जाणं झालं नाही, तरी कुठल्याही कीर्तनाहून घोळक्यानं घरी परतताना एकदा वळून बघा, सगळ्यांच्या मागं कोण चाललं आहे. त्याला पुढं घ्या, आणि सोमारीची आठवण ठेवा.