पहिली खूण फसवते

"इंदू, तेल मोजायची काठी आधी पूस, मग बुडव. गाडी जरा चालवून पुन्हा बघ. पहिली खूण फसवते." माझे मालक बाळराव यांचा हा आवाज अजून माझ्या बॉनेटखाली घुमतो.

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. लोणावळ्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये राहते. माझ्या इंजिनात तेल गाळायची सोय नव्हती. म्हणून बाळराव सारखं तेल बदलायचे आणि पत्नी इंदिराबाई काठी पुसून द्यायच्या. दसऱ्याला मला झेंडूची माळ असे. शेवटच्या दुखण्यात बाळरावांनी बाईंचा हात धरला, "हिला भंगारात घालू नकोस." बाईंनी शब्द दिला.

यंदा त्यांच्या मुलाने, यशोधनने, मला ऑइल फिल्टर बसवला. या वयात नवा दागिना! मी हरखून गेले. त्याला मित्रांसोबत लोहगडवाडीला मिरवायचं होतं. त्याने काठी बुडवली. तेल खुणेपर्यंत होतं.

"यशू, फिल्टर कोरा आहे ना रे? तोही तेल पिईल. चालवून पुन्हा बघ," बाई हळूच म्हणाल्या.

"आई, तू वाती वळ. इंजिन मी बघतो."

मित्र खो खो हसले. बाई आत गेल्या.

आम्ही निघालो. फिल्टर खरंच तेल प्यायला. उरलेलं तेल चढावर मागे सरकलं आणि माझी बेअरिंगं कोरडी पडली. तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर आला. मी खडखडू लागले. रस्त्याकडेला भाकरी थापणारी भागूबाई ओरडली, "दादा, मोटार लय वरडतीया, थांबवा की!"

"मावशी, तुमची भाकरी करपतेय, ती बघा!"

त्याने अॅक्सिलरेटर आणखी दाबला. खिंडीच्या अलीकडे माझं इंजिन जखडलं. खाली उतरून त्याने माझ्या दाराला लाथ घातली.

मला दोरीने ओढत घरी आणलं. तो भंगारवाल्याला फोनवर म्हणाला, "फिल्टर नवा आहे, तो मी काढून घेतो. बाकीची किलोवर न्या."

मित्रांनो, जुन्याला नवं जरूर जोडा. पण जोडल्यावर एकदा वाकून बघा, त्याला ते पेलतंय का.

आज एकादशी. भंगाराचा टेम्पो फाटकाबाहेर हॉर्न वाजवतोय. यशोधन पाना घेऊन माझ्यावर वाकलाय. देवापुढे बसलेल्या इंदिराबाईंनी हातातली वात खाली ठेवली. खुंटीवरचं फाटकाचं कुलूप घेतलं आणि टेम्पो आत यायच्या आधी फाटक लावायला अनवाणीच निघाल्या.