शांती, न्याय आणि नऊ गॉगल

मी एक जुना फ्लेक्स आहे. वय वर्षे दोन. हसू नका, मित्रांनो. आमच्यात वाढदिवस संपला की आयुष्य संपतं. बायबलातला मथुशलह म्हणे नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला. माझी दोन वर्षं तुम्ही त्याच मापानं मोजा.

सक्करदऱ्याला अंकुशचं छपाईचं दुकान आहे. माझा जन्म तिथला. मला बनवून घेतलं सुशीलकाकांनी. ते मौद्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहेत आणि रविवारी आमच्या छोट्या चर्चमध्ये पेटी वाजवतात. त्यांची मुलगी मिनल नर्स आहे. सुदानमध्ये युद्ध पेटलं तेव्हा ती तिथल्या एका दवाखान्यात होती. जखमींना सोडून ती निघाली नाही. फोन कधीमधी लागायचा. अशाच एका फोनवर ती म्हणाली, "बाबा, इथली आमची चर्चची मंडळी येत्या रविवारी रस्त्यावर उभी राहून प्रार्थना करून राहिली. तुम्ही पण उभे राहा. पण नुसती शांती नका मागू. शांती म्हटलं का दोन्हीकडचे बंदूकवाले मान हलवतात अन् पुन्हा गोळ्या भरतात. ज्यायची घरं जाळली त्यायच्यासाठी न्याय मागा. मोठ्या अक्षरात लिहा अन् मले फोटो पाठवा."

फोन तुटला. मग सहा दिवस लागला नाही.

रविवारी दुपारी साडेतीनला अंकुशनं मला उलगडलं. वर मोठ्या अक्षरात 'सुदानमध्ये शांती आणि न्यायासाठी प्रार्थना' आणि खाली काळे गॉगल घातलेले नऊ तरुण.

"हे कोण होय गा?" सुशीलकाकांनी विचारलं.

"गोलूभाऊ अन् त्याचा मित्रपरिवार, काकाजी. शुभेच्छुक." अंकुशनं डोकं खाजवलं. "वाढदिवसाच्या जुन्या फाईलवरच बनवला. वरचं सारं बदललं, खाली हात गेलाच नाही."

"शुभेच्छुकायचं प्रार्थनेत काय काम?"

"खरं सांगू? बिनमाणसाचा फ्लेक्स मी जिंदगीत बनवला नाही. खाली मोकळं मोकळं दिसते."

परत छापावं तर वीज गेलेली. तीही मौद्याच्या वीज केंद्रातल्या माणसासमोर. शेवटी मी नऊ गॉगलांसकट चर्चच्या फाटकावर चढलो.

आता खरी अडचण आली ती वच्छलाबाईंकडून. त्या आमच्या चर्चमधल्या ज्येष्ठ. रविवारच्या शाळेत मिनलला त्यांनीच शिकवलेलं. गॉगलांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"सुशील, शांती राहू दे. पण न्याय म्हटलं का लोक विचारते, कोणाविरुद्ध? फोटो तिकडे फिरला अन् पोरीले त्रास झाला तं?"

सुशीलकाका पेचात पडले. एकीकडे मुलीचा शब्द, दुसरीकडे मुलीचा जीव. वच्छलाबाईंनी खाकी कागद आणला आणि 'न्याया'वर चिकटवला. मित्रांनो, मला समोरचे दोन दात पडल्यासारखं वाटलं. कागद जरा लांब झाला. त्याखाली गोलूभाऊचं डोकंही गेलं.

पावणेपाचला पाच मोटरसायकली आल्या. त्यांवर नऊ जण, सगळे गॉगलमध्ये. कोणीतरी त्यांना माझा फोटो पाठवला होता. आपला फोटो लागला म्हणजे आपण आयोजक, हा त्यांचा साधा हिशेब. मागून छोट्या टेम्पोत चाळीस खुर्च्या, थंड पाण्याच्या कॅन आणि एक ढोलपथक. पथक चर्चच्या पाळकसाहेबांनी हात जोडून परत पाठवलं.

गोलूभाऊनं मला खालीवर न्याहाळलं. "बाकी आठ दिसून राहिले. माह्यावर कागद काहून? मी का मेलो?" आणि त्यानं कागद ओढला. कागदासोबत माझा थोडा रंगही गेला. पण 'न्याय' उघडा झाला.

"हे झाकलं होतं?" त्यानं विचारलं. सुशीलकाकांनी मिनलचा फोन सांगितला. गोलूभाऊनं गॉगल काढला. फ्लेक्सवर मात्र तो घातलेलाच राहिला, त्याला माझा इलाज नव्हता.

वच्छलाबाईंनी कागदासाठी हात पुढे केला. "दे इकडे. परत लावते."

"नका लावू, बाई," सुशीलकाका म्हणाले. "भीती मलेही वाटते. पण तिथं उभी ती आहे. काय बोलायचं, हे तिनं ठरवलं. मी इथून तिचं तोंड कसा झाकू?"

वच्छलाबाईंनी गोलूभाऊच्या हातून कागद घेतला. मग त्यांनी तो कागद चुरगळून पर्समध्ये टाकला आणि पहिल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

पाच वाजता पाळकसाहेबांनी एक मिनिट शांत राहायला सांगितलं. गोलूभाऊच्या मित्रांना या प्रकाराचा अजिबात सराव नव्हता. एकाचा फोन वाजला, आवाज दाबायला तो फोनवरच बसला. बाकीचे श्वास रोखून उभे. ते मिनिट पार पडलं. मग सगळ्यांनी माझ्यावरची ओळ मोठ्यानं वाचली, दोन्ही शब्दांसकट.

सुशीलकाकांनी फोटो पाठवला. त्याखाली एकच खूण उमटली, म्हणजे गेला पण पोचला नाही. सोमवारी एकच. मंगळवारी एकच. गुरुवारी, ते मौद्याच्या बसमध्ये असताना, दुसरी उमटली आणि मागोमाग मिनलचा निरोप आला: "बाबा, मी ठीक आहे. न्याय दिसला. साऱ्या वॉर्डाला दाखवला. पण खाली ते नऊ कोण? नवे पाळक?"

काका बसमध्ये हसले आणि मग रडले. कंडक्टरनं त्यांना खिडकीची जागा दिली.

युद्ध अजून थांबलेलं नाही. मिनल अजून तिथंच आहे. म्हणून मीही टिकून आहे. दर रविवारी मला फाटकावर बांधतात, नंतर वच्छलाबाई ओल्या फडक्यानं पुसून घडी घालतात. रंग उडाला तिथं त्यांनी स्वतः ब्रशनं अक्षर भरलंय, जरा वाकडं. अंकुशच्या चुकीचा, गोलूभाऊच्या अहंकाराचा आणि त्या वाकड्या अक्षराचा मी ऋणी आहे. एका फ्लेक्सला याहून जास्त काय मिळतं?

मित्रांनो, माझं एकच मागणं. शांतीसाठी हात जोडाल तेव्हा न्यायाला फाटकाबाहेर उभं करू नका. दोघांना सोबत आत घ्या. आणि मिनल घरी येईपर्यंत मला सांभाळा. ती आली की मग खुशाल कांदे वाळवायला अंथरा.