रहू घातलेलं बी

दासगावच्या आमच्या खारजमिनीत दिरांना, म्हणजे मंगेशना, कोळंबीचं तळं करायचं होतं. पुरात खाडीचा बांध फुटला आणि भरतीचं पाणी आत आलं. बांध पुन्हा घातला, पण मातीतलं मीठ कुठलं जायला? भात पिवळं पडून मरायचं. मी एक हंगाम मागून घेतला. सासरे गोमाजी म्हणाले, "दे रे तिला. नाय पिकलं तं घाल तुझी कोळंबी." माझा नवरा सहदेव भावाच्या होला हो करणारा.

महाडच्या शेती शिबिरात मी शिकले होते. बी सौम्य मिठाच्या पाण्यात भिजवायचं, मोड फुटायच्या आत बाहेर काढायचं आणि सावलीत वाळवून ठेवायचं. मग रोप खाऱ्या मातीत तग धरतं. तसं सगळं केलं, बी गोणीत भरलं आणि आईच्या दिवसकार्याला माहेरी, नाते गावाला, गेले.

परत येऊन पेरलं. शेजाऱ्यांचे वाफे हिरवे झाले, माझ्या वाफ्यात नुसता चिखल. उकरून पाहिलं तर दाणे कुजलेले.

सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुझ्या मामंजींनी बियाला रहू घातला होता गो. बिनमोडाचं बी बघून त्यांना राहवेना."

आमच्याकडे खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतात, रहूच टाकतात. भिजलेलं बी गोणीत दाबायचं, मोड आणायचे आणि तसंच चिखलात फेकायचं. मामंजींनी माझं वाळवलेलं बी पुन्हा भिजवून मोड आणले. मग 'वाळवून ठेवायचं' हे माझं बोलणं आठवलं, म्हणून तेच बी कडक उन्हात वाळवलं, मोड चोळून काढले आणि गोणी होती तशी बांधून ठेवली. त्यांची रीत खरी, माझीही खरी. दोन्हींची खिचडी केली आणि बी मारलं. वाईट हेतू असता तर भांडता तरी आलं असतं.

मी म्हटलं, "मामंजी, दिरांना एवढं खरं सांगा. पुढच्या साली परत करू." त्यांनी मान डोलावली.

मंगेश कोळंबीवाल्याला घेऊनच आले. मामंजी अंगणाकडे बघत म्हणाले, "सूनबायनं बी मिठात घातलं. मिठात काय रुजतं रे?"

"मामंजी, रहू कोणी घातला?" मी विचारलं.

"वहिनी, आता म्हाताऱ्या माणसावर ढकलू नका," मंगेश म्हणाले. सासूबाई उठून आत गेल्या. सहदेवनं तळ्याच्या करारावर सही केली. माझी सही कोणाला नकोच होती.

पाहुणे गेल्यावर मामंजी जवळ आले. "मनावर घेऊ नको गो. पोरांसमोर माझी लाज गेली असती."

"आणि माझी?"



पाऊस ओसरल्यावर तळं खणायला जेसीबी आला. मामंजी बांधावर बसून रडतायत, असं सासूबाई सांगत आल्या. त्यांना घरी घेऊन ये म्हणाल्या. मी गेले नाही.