कड्यात अडकलेलं कुंकू

मी बोलतेय ती शिंदखेड्याच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओतून, काचेच्या कपाटातल्या मधल्या फळीवरून. मी कॅमेऱ्याची लेन्स. पन्नास मिलिमीटरची. आमटीच्या वाटीपेक्षा मोठी नाही. मला पाहून आजवर कोणी 'बापरे' म्हटलेलं नाही.

माझ्यात एकच गुण आहे. तो आधीच सांगून टाकते, कारण पुढे कौतुकाचं काही उरणार नाही. मला अंधारात दिसतं. प्रत्येक लेन्सच्या पोटात उजेड आत घ्यायला एक छिद्र असतं, आणि त्याच्या मापाला एक आकडा असतो. आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं, असा आमच्याकडचा उलटा कारभार. माझा आकडा एक पॉइंट आठ. देवळातली समई, नाहीतर तंबूतला एक पिवळा बल्ब मला पुरतो. झूम मात्र मला नाही. माणूस जवळून हवा असेल तर फोटोग्राफरने आपल्या पायांनी जवळ जायचं. ज्याला चालायचा कंटाळा, त्याचं माझ्याशी जमत नाही.

भूपेंद्रने मला जळगावच्या दुकानातून आणलं, तेव्हा त्याच्या स्टुडिओला नुकती पाटी लागली होती. एसटीत तो मला मांडीवर घेऊन बसला. धुळं येईपर्यंत त्याने माझा डबा तीनदा उघडून पाहिला. इतक्या प्रेमाने मला नंतर कोणी पाहिलं नाही. त्यानेही नाही.

पहिली तीन-चार वर्षं मात्र सुखाची गेली. भजनं, कव्वाल्या, कानबाई देवीच्या जागरणातली बायकांची गाणी, जिथे गाणं आणि अंधार एकत्र असेल तिथे तो मला घेऊन जायचा. हार्मोनियमला गुडघा लागेल इतक्या जवळ बसायचा. फ्लॅश मारायचा नाही. गाणाऱ्याच्या मानेवरची फुगलेली शीर, ढोलकीवाल्याच्या बोटांवरची पांढरी पावडर, सगळं मी टिपायचे. 'हा भाऊ आला तरी चालतो, त्याचा त्रास नसतो,' असं गाणारे म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा.

मग लग्नांचं काम वाढलं, आणि लग्नात फोटोवाल्याची किंमत लेन्सच्या लांबीवर ठरते. नवरदेवाचे काका मांडवात आले की आधी कॅमेऱ्याकडे बघतात. नशिराबादच्या एका लग्नात तर मुलीच्या मामांनी चारचौघांत विचारलं, "एवढ्याशा लेन्सने काय येईल हो फोटोत?" लोक हसले. भूपेंद्रही हसला, पण त्याचे कान लाल झालेले मी खालून पाहिले.

पुढच्याच महिन्यात स्टुडिओत तोफ आली. हे नाव गावातल्या लोकांनीच ठेवलं. कोपरापासून मनगटापर्यंत लांब अशी झूम लेन्स. पूर्ण लांब केली की तिचा आकडा पाच पॉइंट सहा. उन्हात शंभर फुटांवरून नवरीच्या नथीतला मोती दाखवील, पण दिवे गेले की ठार आंधळी. हे मी मत्सराने बोलत नाही. बरं, थोडं मत्सराने बोलते.

मी कपाटात गेले. वर्षातून एकदा बाहेर निघायचे, खंडेनवमीला. त्या दिवशी भूपेंद्रची बायको हेमांगी पाटावर पिवळं कापड घालायची आणि कॅमेरा, तोफ, बॅटऱ्या, तिपाई आणि मी अशी सगळ्यांची पूजा करायची. मनापासून करायची. आपल्या घरची चूल या काचांवर पेटते, हे तिला नवऱ्यापेक्षा जास्त कळतं. प्रत्येकाला ती हळद-कुंकू लावायची. बाकीच्यांना वरवर, पण मी लहान म्हणून की काय, मला जरा जास्तच. ओल्या बोटाने माझ्या कड्याभोवती ठसठशीत रेघ ओढायची.

ते कडं म्हणजेच माझा जीव. ते फिरतं तेव्हा चित्र स्पष्ट होतं. कुंकू वाळलं आणि त्याचे कण कड्याच्या फटीतून आत उतरले. दिवाळीआधी भूपेंद्रने मला सहज फिरवून पाहिलं, तर आत करकर आवाज झाला. कडं एका जागी अडलं.

त्याला कारण लगेच कळलं. नखावर आलेली लाल पूड त्याने कितीतरी वेळ पाहिली. पण पूजेने वस्तू बिघडली, असं घरात म्हणायची त्याची छाती झाली नाही. हेमांगीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "धूळ गेली असेल. जळगावला दाखवीन कधीतरी." ते 'कधीतरी' आलंच नाही. पुढच्या खंडेनवमीला तिने पुन्हा तितक्याच मायेने कुंकू लावलं, आणि तो शेजारी हात जोडून उभा राहिला.

आता हारुन मास्टरांकडे येते. सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं.

हारुन मास्टर बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. चाळीस वर्षं वाजवली. धुळे, जळगाव, नंदुरबार, कुठल्या गल्लीत त्यांच्या सुरावर वरात नाचली नाही ते विचारा. त्यांची मुलगी शाझिया उर्दू शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती वडिलांना घेऊन स्टुडिओत आली.

"भूपेंद्रभाऊ, सोमवारी अब्बांचे पुढचे सगळे दात काढायचे आहेत," ती म्हणाली. "हिरड्या गेल्यात. क्लॅरोनेट वरच्या दातांवर टेकवूनच वाजते. रविवारी धुळ्याला बँडवाल्यांचा सत्कार आहे, तिथे अब्बा वाजवतील. ते शेवटचं."

"नवे दात बसवतात ना, ताई?"

"जेवायला चालतात ते. वाजवायला नाही, अब्बा सांगतात. मला एकच फोटो हवाय. ओठाला क्लॅरोनेट लावलेले पूर्ण अब्बा. आमच्या घरात असा एकही नाही."

भूपेंद्रला खरं वाटेना. चाळीस वर्षांत एकही नाही? त्याने संगणक लावला, जुनी लग्नं उघडली. नवरदेवाच्या घोड्यापलीकडे मास्टरांची अर्धी टोपी होती. एका फोटोत कोपर होतं. एकात क्लॅरोनेटचं नुसतं तोंड होतं आणि वाजवणारा कापला गेला होता. त्यातले काही फोटो मीच काढलेले. कपाटात बसल्या बसल्या मला फार लाज वाटली.

मास्टर हसून म्हणाले, "फक्त तो फ्लॅश मारू नको रे भाऊ. डोयावर उजेड उना का मना सूर हालस."

"चाचा, असा फोटो काढतो की बघत राहाल," भूपेंद्र म्हणाला. त्याने कपाट उघडून मला बाहेर काढलं आणि बॅगेत ठेवलं. मला वाटलं, आला बाई आपला दिवस. कडं अडतं, हे त्या भरात त्याच्याही लक्षात राहिलं नाही आणि माझ्याही.

रविवारी दुपारी धुळ्याच्या त्या जुन्या नाट्यगृहात आम्ही शिरलो. बाहेर रणरणतं ऊन आणि आत मिट्ट काळोख. मागच्या पडद्यावर बँडची चित्रफीत चालू होती म्हणून सगळे दिवे घालवले होते. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात एकच पिवळा दिवा. त्याच्याखाली खुर्ची आणि माईक. मला जन्मभर हवं होतं तेवढं आणि तसंच.

भूपेंद्रचा हात बॅगेत आला. बोटं आधी मलाच लागली, हे मी शपथेवर सांगते. मग त्याने शेजारी पाहिलं. धुळ्याचे तीन फोटोग्राफर उभे होते आणि तिघांच्याही गळ्यात तोफा. बोटं माझ्यावरून सरकली. त्याने तोफ लावली आणि त्यांच्या रांगेत, मागे जाऊन उभा राहिला.

मास्टर वाजवायला लागले. पहिली वरातीची धून झाली, टाळ्या पडल्या. दुसरी मुलीच्या पाठवणीची. हॉलमध्ये बायका पदर डोळ्याला लावू लागल्या. भूपेंद्र बटण दाबत राहिला. दुसरी धून संपल्यावर त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. तोफेला उजेड पुरत नव्हता, म्हणून कॅमेऱ्याने शटर उशिरा मिटलं होतं आणि तेवढ्यात मास्टर हलले होते. खुर्चीवर मास्टर नव्हते, पिठासारखा पांढुरका डाग होता.

तो रांग सोडून पळाला. अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत पुढे आला, पहिल्या ओळीसमोर गुडघ्यावर बसला आणि त्याने मला लावलं.

मी डोळा उघडला. मास्टर माझ्यासमोर, सात-आठ फुटांवर. तिसरी धून कानबाईच्या गाण्याची होती. डोळे मिटलेले, गाल आत गेलेले, वरचे दात क्लॅरोनेटवर टेकलेले. घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलेला. उजेड भरपूर आत येत होता. आता कडं केसभर फिरायला हवं होतं, बस्स.

कडं फिरेना. आतली मोटर घूं घूं करत पुढे गेली, अडली, मागे आली. पुन्हा गेली, पुन्हा अडली. भूपेंद्रने बटण सरकवून कडं हाताने फिरवायला घेतलं. माझ्यात करकर झालं आणि नेमकी मास्टरांच्या अलीकडे मी थांबले. त्याने जोर लावला. मीही लावला. काचेला जेवढा लावता येतो तेवढा लावला. कुंकवाचा तो कण हलला नाही.

"फिर ना... अगं, फिर ना," तो पुटपुटत होता. त्याला पुढे सरकता आलं नाही, कारण पुढे रंगमंचाची कड होती, आणि सुचलंही नसावं. त्याने तसेच सतरा फोटो काढले. मग टाळ्या झाल्या. मास्टरांनी क्लॅरोनेट मांडीवर ठेवली आणि जिभेने एकदा आपले दात चाचपले.

मंगळवारी बापलेक स्टुडिओत आले. मास्टरांच्या तोंडावर रुमाल होता. भूपेंद्रने सतरातला त्यातल्या त्यात बरा फोटो लावला. त्यात माईक असा आला होता, की त्याच्या जाळीचं एकेक भोक मोजून घ्या. त्याच्यामागे उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा चेहरा पसरला होता. नाक कुठे, ओठ कुठे, काही कळत नव्हतं.

मास्टरांनी चष्मा लावून बराच वेळ शोधलं. मग रुमालाआडून बोबडं विचारलं, "भाऊ, यामा मी कोठे शे?"

भूपेंद्रने फोटो बंद केला. शाझियाने वडिलांचा हात धरला. "राहू दे भाऊ," एवढंच म्हणून ती त्यांना घेऊन गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

नवे दात बसले. मास्टरांनी महिनाभर घरी खटपट केली, पण दात हलायचे आणि नुसती हवा निघायची. पावसाळ्यात ते क्लॅरोनेट कापडात गुंडाळून पुन्हा आले. घरात पडून लाकूड तडकेल, त्यापेक्षा कोणीतरी वाजवो, म्हणाले. नंदुरबारचा एक वादक घ्यायला तयार होता, त्याला आधी फोटो पाठवायचा होता.

तोफेला इतक्या जवळचं दिसत नाही. म्हणून भूपेंद्रने दाराशी स्टूल ठेवलं, त्यावर क्लॅरोनेट ठेवली आणि मला काढलं. अगदी जवळच्या बाजूला माझं कडं अजून मोकळं फिरतं. दिवसाच्या स्वच्छ उजेडात तो फोटो पहिल्या झटक्यात निघाला. वादक तोंडात धरतो ती काळी तोंडी लख्ख आली होती, आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन खोलगट खुणा. चाळीस वर्षं दात टेकून पडलेल्या.

मास्टरांनी पडद्यावरच्या त्या खुणांवर अंगठा फिरवला. "हां," ते म्हणाले. "आते मी दिसनू."

भूपेंद्र उठून आतल्या खोलीत गेला.

क्लॅरोनेट विकली गेली. नव्या वादकाने तोंडी मात्र आपली लावली. जुनी मास्टरांच्या सदऱ्याच्या खिशात असते. बाजारात जाताना ते दुकानावरून जातात, पण आत डोकावत नाहीत.

उद्या खंडेनवमी आहे. हेमांगीने पाट धुऊन ठेवलाय, कुंकवाचा करंडा भरलाय. भूपेंद्रने तिला अजूनही काही सांगितलेलं नाही. मला सांगता आलं असतं तर म्हटलं असतं, वहिनी, माझ्यापुढे फूल ठेवा, नारळ फोडा, पण ओलं बोट माझ्या कड्याला लावू नका. मला पुजण्यापेक्षा कुठल्यातरी काळोखात, गाणाऱ्यासमोर नेऊन बसवा.

आणि लावलंच कुंकू, तर लावा. ज्याच्यासाठी ते कडं फिरायला हवं होतं, त्याचं वाजवून संपलं आहे.