अकरावे मंगलाष्टक

रनाळे गावात सन एकोणीसशे बेचाळीसपासून एकही लग्न दगा नानांच्या मंगलाष्टकांवाचून लागले नव्हते, आणि ही गोष्ट सर्वांत अधिक कोणास ठाऊक असेल, तर ती स्वतः दगा नानांस. शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. परंतु गुरुजींनी एकदा शार्दूलविक्रीडित वृत्त फळ्यावर मांडून दाखविले होते, ते त्यांच्या बोटांत जाऊन बसले ते कायमचेच. बैलांमागे चालतानाही त्यांचा अंगठा पेरांवरून फिरत असे : गुरू, गुरू, गुरू, लघू, लघू, गुरू. वधूवरांची नावे, दोन्ही गावांची नावे, मामाचे नाव, हे सर्व त्या मापात बसवून ते नंदुरबारच्या छापखान्यातून गुलाबी कागदावर छापून आणीत आणि मांडवात वाटीत. खाली बारीक अक्षरांत असे : रचनाकार, दगा रेवजी पाटील.

असे चौदा वर्षे सुखाने चालले. पुढे छगन गाऊ लागला.

छगन हा गावातील गुजर कुटुंबातला, केळीच्या बागेत राबणारा पंचविशीचा तरुण. तो सायकलीने नंदुरबारास जाई, सिनेमाच्या तंबूबाहेर उभा राही, आत न जाता आतली चाल तेवढी कानांत भरून घेई, आणि परत येताना वाटेतच तिच्यावर अहिराणी शब्द बसवी. त्यास ना वृत्त, ना गण. तथापि दोन वर्षांच्या आत अशी वेळ आली, की हळदीच्या घरी बाया छगनचेच गाणे म्हणत आणि दगा नानांचा गुलाबी कागद दुसऱ्या दिवशी शेव-चिवड्याच्या पुड्यांस लागे.

नाना चावडीवर म्हणत, ‘‘चोरीनी चाल शे ती. त्यामां काय शे?’’ परंतु संध्याकाळी शेतावरून परतताना छगनच्या बागेजवळ त्यांचे पाऊल आपोआप मंद होई. केळीच्या पानांआडून आवाज येई, आणि नानांचा अंगठा बोटांवर धावू लागे. मात्रा जुळत नसत. एका ओळीत चौदा, तर पुढच्या ओळीत अकरा. मग हे कोसळत कसे नाही? ज्या भिंतीस ओळंबा लावलेला नाही ती भिंत उभी राहतेच कशी? या विचाराने त्यांचे जेवणावरचे मन उडे.

घाव बसला तो मात्र घरातच. एके दुपारी त्यांच्या पत्नी कौसाबाई ज्वारी पाखडीत बसल्या होत्या आणि सुपाच्या ठेक्यावर गुणगुणत होत्या :

‘‘घागर मन्ही दारे शे, पानी कोन भरी वं माय...’’

‘‘हाई काय म्हनी ऱ्हायनी?’’ नानांनी विचारले.

‘‘छगननं शे. सासरी जानारी पोर म्हनस, मन्ही घागर तठेच पडेल शे, आते पानी कोन भरी.’’

‘‘मन्हं एखादं म्हनी दखाड.’’

कौसाबाई हसल्या. ‘‘तुमनं उभं ऱ्हाईसनी ऐकनं पडस. काम करता करता म्हनता येस नही.’’

त्या थट्टेने बोलल्या होत्या. परंतु नानांनी तो शब्द पोटात ठेवला, आणि तो तेथे कढत राहिला.

सन एकोणसाठच्या वैशाखात त्यांची एकुलती एक कन्या वत्सला हिचे लग्न तापीकाठच्या एका गावी ठरले. नानांच्या मनात एकच गोष्ट होती : आपली लेक आपल्या शब्दांवर सासरी जावी. बाकी मांडव, मानपान, जेवणावळ यांची चिंता त्यांनी भावांवर सोपविली. आणि अशा वेळी वत्सलाच म्हणाली :

‘‘आबा, छगनभाऊले सांगा ना, मन्हा लगीनमां एक गाणं म्हन.’’

नानांनी कागदावरून मान वर केली नाही. ‘‘म्हनू दे. वेळ उरना ते.’’

वेळ उरू नये याची तजवीज त्यांनी त्याच रात्री आरंभिली. रनाळ्यात रीत पाच मंगलाष्टकांची. नानांनी अकरा लिहिण्याचे ठरविले. गोरज मुहूर्तावर अकरा म्हणून होईपर्यंत सूर्य बुडेल, वाजंत्री वाजू लागतील, पंगत बसेल. मग कोठला छगन आणि कोठले गाणे? गणपती, कुलदैवत, दोन्ही गावे, दोन्ही मामा, आलेले पाहुणे, न आलेले पाहुणे, अशी दहा त्यांनी तीन दिवसांत बांधून काढली.

अकरावे मात्र निराळ्या रीतीने आले. पहाटे वत्सला अंगणात सडा टाकीत होती. तिच्याकडे पाहता पाहता नानांनी पाठकोऱ्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि मग त्यांच्या ध्यानी आले की आपला अंगठा हललाच नाही. त्यांनी भीतभीत मोजले. एकही मात्रा चुकलेली नव्हती.

तापीचे जल वाहते, तटवरी कापूस जैसा हसे,
तैसी ही वधु वत्सला निज घरी सौख्यात नांदो असे.

हे सर्वांत उत्तम, म्हणून त्यांनी ते सर्वांच्या शेवटी ठेवले.

लग्नाच्या दिवशी मांडवात भोंगा लागला. नाना धुतलेला फेटा बांधून त्याच्या यंत्रापाशी उभे राहिले. पाहुण्यांना कुंकवात रंगविलेली ज्वारी मूठमूठ वाटण्यात आली होती. आमच्या भागातील माणसाच्या हाताला पाचाचा हिशेब न शिकविता येतो : दर ‘सावधान’ला चिमूट, आणि पाचव्याला उरलेली सगळी मूठ. छगन डाव्या बाजूस खांबाला टेकून उभा होता. नाना त्याच्याकडे न पाहताही त्याला पाहत होते.

पाचवे मंगलाष्टक संपले. मांडवभर अक्षतांचा पाऊस पडला, सनईवाल्याने सनई तोंडाला लावली, आणि नानांनी सहावे सुरू केले.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. सहाव्याचे ‘सावधान’ आले तेव्हा काही जणांनी खाली वाकून सांडलेली ज्वारी वेचली. सातव्याला तीही मिळेना. नानांचा बालमित्र भिला मागून ओरडला :

‘‘नाना, अक्षता सरन्यात! आते काय धोंडा फेकूत?’’

मांडव हसला. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात थरथरू लागले. नाना कानकोंडे झाले खरे, परंतु थांबले नाहीत. थांबणे म्हणजे छगनला वाट देणे. त्यांनी आठवे रेटून पूर्ण केले. ‘सावधान’ हा शब्द भोंग्यातून निघाला आणि एकही दाणा कोठे पडला नाही.

‘‘नाना, पुरे,’’ भटजी खालच्या आवाजात म्हणाले. ‘‘मुहूर्त टळतो आहे.’’

‘‘तीनच राहिली. बरे, एकच म्हणतो, शेवटचे...’’

‘‘एकही नाही. सरका.’’

नानांनी हातातला गुलाबी कागद मिटला. जे दहांच्या मागे जपून ठेवले होते, ते दहांच्या ओझ्याखालीच गडप झाले होते, आणि ते ओझे त्यांनी स्वतः रचले होते. ते दोन पावले मागे सरले.

तेवढ्यात छगन पुढे आला. त्याच्या डाव्या हातात तोच गुलाबी कागद होता. ‘‘भटजी, एकच,’’ तो म्हणाला, आणि होकाराची वाट न पाहता त्याने अकरावे मंगलाष्टक गावयास आरंभ केला.

त्याने ते म्हटले नाही; गायले. ‘तापीचे जल’ या शब्दांवर तो असा रेंगाळला, की जणू खरोखर पाणी संथपणे वळण घेत आहे. ‘वत्सला’ हे नाव त्याने इतके हळू उच्चारले, की अंतरपाटामागे वत्सलेने मान वर केली. हसणारा मांडव गप्प झाला. कौसाबाईंनी पदर डोळ्यांस लावला. शब्द तेच, मात्रा त्याच, कोठे एक अक्षर इकडचे तिकडे नाही. आणि तरी नानांना वाटले, की आपल्या घरातून कोणी आपल्यादेखत आपली वस्तू उचलून नेत आहे आणि सारे गाव त्याची वाहवा करीत आहे.

‘‘सावधान!’’ छगनने उजवी मूठ उघडली. साऱ्या मांडवात तेवढीच एक मूठ भरलेली होती. ज्वारी वधूवरांच्या मस्तकी पडली, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजू लागली.

पंगतीच्या गडबडीत नानांनी त्याला गाठले. ‘‘तुन्ही मूठ भरेल कशी ऱ्हायनी रे?’’

‘‘मी ऐकी ऱ्हायंतू नाना. फेकाले भुली गऊ.’’

‘‘सम्दा आठ?’’

‘‘हा. पन शेवटलं ते...’’ छगन ओशाळून हसला. ‘‘तुमना सम्दा कागद मन्हा पेटीमां शेतस. माले असं लिखता येस नही.’’

त्याने टोमणा मारला असता तर बरे झाले असते. नानांनी तो टोमणा वर्षानुवर्षे सांभाळला असता, त्याच्यावर जगले असते. या बोलण्याचे काय करावे हे त्यांना समजेना. ते ‘‘जेवी ले’’ एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवणीची गाडी निघाली. वेशीपर्यंत बाया बरोबर चालल्या होत्या आणि गात होत्या. ‘घागर मन्ही’ नव्हे. ‘तापीचे जल वाहते’ गात होत्या, छगनच्या चालीत. गाडीत बसलेली वत्सला रडत होती आणि रडता रडता त्यांच्या सुरात सूर मिळवीत होती.

‘‘छगननं हाई नवं गाणं गोड शे,’’ कौसाबाई म्हणाल्या.

‘‘शब्द मन्हा शेतस,’’ नाना तुटकपणे म्हणाले.

कौसाबाईंनी वळून पाहिले. त्यांना खरोखर नवल वाटले होते. ‘‘मंग तुम्ही कसाले असं नही म्हन्तस?’’

नानांनी मागितले होते ते त्यांना मिळाले होते : लेक त्यांच्याच शब्दांवर सासरी चालली होती. तथापि कानांत छगन होता. एखादे अक्षर अडखळावे, एखादी मात्रा लंगडी पडावी आणि ही चाल तेथेच मोडून पडावी, अशी त्यांच्या मनात पापी इच्छा उठली. अंगठा बोटांवर फिरू लागला. गुरू, गुरू, गुरू, लघू, लघू, गुरू. गाडी वळणाआड गेली, आवाज बारीक झाला, तरी ओळ कोठे अडखळली नाही. त्यांनीच ती इतकी पक्की बांधली होती.