आयतं खाणं मला मानवलं नाही

मी बुरशी बोलतेय. नाक मुरडू नका. शिळ्या पावावर चढते ती माझी लांबची भावकी. मी कामाची बुरशी आहे.

माझा जन्म एका गोदामात, ओल धरलेल्या गव्हाच्या पोत्यावर झाला. येणारेजाणारे मला झटकून पुढे जात. एका मुलीने मात्र मला सुईच्या टोकावर अलगद उचललं आणि प्रयोगशाळेत आणलं. तिथे सगळे तिला ताई म्हणत. मीही म्हणू लागले.

माझ्या अंगी एक हुन्नर आहे. कारखान्यात अमिनो आम्लं बनतात ती डावी-उजवी मिसळून, हातमोज्यांसारखी. शरीराला डावीच चालतात. म्हणून दोन्हींना एकेक शेपूट चिकटवतात. मी एक विकर, म्हणजे एन्झाइम, बनवते; ते फक्त डाव्यांचं शेपूट कापतं. मग ती वेगळी काढता येतात आणि तोंडाने जेवू न शकणाऱ्या रोग्यांच्या सलाईनमध्ये जातात. इतकी बारीक निवड मी डोळ्यांवाचून करते. माझा तोरा उगाच नाही.

हे विकर मी कधी आणि कसं बनवते, ते ताईला शोधायचं होतं. पहिल्यांदा थोडं दिलं, तर ती हरखून गेली आणि माझे लाड करू लागली. चंबूत साखर, वर बिनशेपटीची तयार आम्लं. मी गुबगुबीत झाले. विकर मात्र बंद. ते असलं की तपासणीत नळी जांभळी होते. आमची पाण्यासारखी.

"अजून अशक्त असेल," म्हणत ताई आणखी वाढायची.

तिचे सर फटकळ. "बुरशी पोसतेयस की जावई?"

"वेळ द्या ना, सर."

"सोमवारपर्यंत रंग दाखव. नाहीतर हिला वाफेत घाल आणि दुसरा विषय घे."

वाफेत घालणं म्हणजे मला जिवंत शिजवणं. ताईची दोन वर्षांची मेहनतही माझ्याबरोबर शिजणार होती.

त्या दुपारी तिच्या आईचा फोन आला. ताई माझं खाणं मोजत होती, म्हणून फोन टेबलावरूनच बोलत होता.

"दादा अजून लोळतोय गं. काम शोध म्हटलं की कूस बदलतो."

"जेवला?"

"जेवला की. ताट खाटेवर नेऊन दिलं."

"आई, ताट खाटेवर येतंय, तर तो उठेल कशाला?"

बोलता बोलता तिचा हात थांबला. तिने चमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, ठेवते."

"अगं, मी काय वाईट बोलले?"

नव्या चंबूत तिने चिमूटभर साखर आणि फक्त शेपटीवाली आम्लं घातली. तयार काहीच नाही. मी रुसले, रोडावले. पण हातावर हात ठेवून उपाशी मरणारी माझी जात नव्हे. खायचं तर शेपूट कापणं भाग होतं. कंबर कसली आणि विकर सोडलं.

सोमवारी सरांसमोर नळी गडद जांभळी झाली. त्यांनी ती उजेडाकडे धरली.

"काय केलंस?"

"लाड बंद केले, सर."

"जावयाचे?"

"हो," ताई म्हणाली, आणि मग दोघंही हसली.

आज माझ्या लेकी कारखान्याच्या हौदांत राबतात. मी वाळूत सुकून, इवल्याशा नळीत, थंड पेटीत पडून असते. दादाच्या खाटेचं काय झालं, मला ठाऊक नाही. माझ्या नळीवर मात्र ताईने स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'फार खायला घालू नये.'

मला जागं कराल तेव्हा तेवढं पाळा. पुढचं माझ्यावर सोडा.